बर्कशायरचे सुगीनंतरचे कृषी प्रदर्शन, १८०७ ते १८४१ : एका प्रकरणाचा अभ्यास

अमेरिकेत उन्हाळा सरताना आणि शरद ऋतूत काउंटी आणि राज्य पातळीवरची असंख्य कृषी प्रदर्शने भरतात. तिथे जनावरांचे परीक्षण होते, धान्य आणि भाजीपाला मांडला जातो, घरच्या विणकामाला बक्षिसे मिळतात, मिरवणूक निघते आणि शेवटी गाणे-बजावणेही होते. हा सगळा क्रम आता इतका ठरून गेला आहे की तो कुणीतरी कधीतरी जुळवलेला असेल, असे सहसा मनात येत नाही. प्रत्यक्षात त्याचा साचा मुख्यतः मॅसॅच्युसेट्स राज्याच्या पश्चिम टोकाला असलेल्या बर्कशायर काउंटीत, पिट्सफिल्ड या गावी, १८०७ ते १८१३ या सहा-सात वर्षांत तयार झाला. काउंटी म्हणजे राज्याखालचा, साधारण आपल्या जिल्ह्यासारखा प्रशासकीय विभाग. हा साचा कसा बनला, तो बर्कशायरमध्ये का टिकला आणि त्याच साच्यावरून शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात उभारलेल्या बहुतेक संस्था थोड्याच वर्षांत का मोडल्या, हे या प्रकरणात पाहायचे आहे.

या प्रकरणाची बरीचशी माहिती, हा साचा ज्यांनी मुख्यतः घडवला त्या एलकाना वॉटसन यांच्याच लेखणीतून आलेली आहे. प्रदर्शनाचा वृत्तांत त्यांनी १८२० साली स्वतः छापला, आणि ते नम्रतेबद्दल प्रसिद्ध असलेले गृहस्थ नव्हते. त्यामुळे पहिलेपणाचे दावे थोडे बाजूला ठेवून, त्यांनी नेमके काय केले आणि कोणत्या क्रमाने केले, याकडे पाहणे अधिक उपयोगाचे ठरते.

आधीच्या संस्था आणि त्यांची मर्यादा

शेतीसुधारणेसाठी संस्था काढण्याची कल्पना वॉटसन यांची नव्हती. फिलाडेल्फियाची संस्था १७८५ साली स्थापन झाली होती आणि जॉर्ज वॉशिंग्टन तिच्या सभासदांपैकी होते. मॅसॅच्युसेट्सची राज्यस्तरीय संस्था १७९२ सालची. या संस्थांचे सभासद वकील, व्यापारी, डॉक्टर, मोठे जमीनदार असे सुशिक्षित लोक होते. ते निबंध वाचत, पत्रव्यवहार करत, इंग्लंडमधल्या प्रयोगांची माहिती छापत आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तम उत्तर लिहिणाऱ्यास पदक देऊ करत. त्यांच्या पुस्तिकांमध्ये खत, पिकांची फेरपालट, सुधारित जनावरांची पैदास यांविषयी चांगली माहिती असे. पण ज्याने ती वाचायला हवी तो शेतकरी ती वाचत नसे. न वाचण्याला त्याच्यापाशी कारणही होते. नवा प्रयोग फसला तर जमीनदाराचे एक शेत वाया जाई, आणि लहान शेतकऱ्याचे वर्ष जाई. पुस्तकातल्या सल्ल्यावर वर्ष पणाला लावणे हा त्याच्या दृष्टीने शहाणपणा नव्हता.

प्रदर्शनेही अगदीच अपरिचित नव्हती. इंग्लंडमध्ये नॉरफोक परगण्यातील होल्कम येथे टॉमस कोक यांच्याकडे दरवर्षी मेंढ्यांच्या कातरणीच्या वेळी शेतकऱ्यांचा मोठा मेळा जमत असे. अमेरिकेतही राजधानीजवळच्या जॉर्जटाउन येथे कोलंबियन कृषी संस्थेने मे १८१० मध्ये, म्हणजे बर्कशायरच्या पहिल्या संघटित प्रदर्शनाच्या काही महिने आधी, मेंढ्या आणि घरगुती कापड यांचे बक्षिसांसह प्रदर्शन भरवले होते. तेव्हा पहिले कोण, या वादात फारसे हशील नाही. इतर प्रदर्शने एकेका ठिकाणची राहिली आणि बर्कशायरच्या पद्धतीची मात्र ठिकठिकाणी नक्कल झाली, हा फरक महत्त्वाचा आहे.

चौकातल्या दोन मेंढ्या

वॉटसन यांचा जन्म १७५८ सालचा, मॅसॅच्युसेट्समधल्याच प्लिमथचा. स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात बेंजामिन फ्रँकलिन यांच्यासाठी टपाल घेऊन ते फ्रान्सला गेले, नांत येथे व्यापार केला, त्यात बुडाले, मायदेशी परतून न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथे स्थिरावले, आणि कालवे, रस्ते, बँका अशा नाना उद्योगांमध्ये पुढाकार घेऊन १८०७ साली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर, पिट्सफिल्डजवळ शेत घेऊन राहू लागले. शेतीचा पिढीजात अनुभव त्यांना नव्हता. लोकांना एखाद्या गोष्टीच्या मागे लावायचे कसे, याचा अनुभव मात्र भरपूर होता आणि पुढे कामी आला तो हाच.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत त्यांनी मेरिनो जातीच्या दोन मेंढ्या पिट्सफिल्डच्या सार्वजनिक चौकातल्या जुन्या एल्म वृक्षाखाली लोकांना पाहण्यासाठी ठेवल्या. मेरिनो ही मूळ स्पेनची, अतिशय तलम लोकर देणारी जात. स्पेनने शतकानुशतके तिच्या निर्यातीवर कडक निर्बंध ठेवले होते, आणि न्यू इंग्लंडमधल्या (म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या ईशान्येकडील राज्यांमधल्या) जाड्याभरड्या लोकरीच्या मेंढ्यांपुढे तिचे महत्त्व कुणालाही हाताने चाचपून कळण्याजोगे होते. फ्रान्समध्ये अमेरिकेचे राजदूत म्हणून राहिलेले रॉबर्ट लिव्हिंगस्टन यांनी हडसन नदीकाठच्या आपल्या जमिनीवर या जातीचा कळप वाढवला होता, आणि वॉटसन यांच्या मेंढ्या त्याच कळपातल्या होत्या. पिट्सफिल्डमध्ये लोकरीला गिऱ्हाईकही तयार होते. इंग्लंडहून आलेले आर्थर स्कोफिल्ड यांनी तिथे लोकर पिंजण्याचे यंत्र आधीच सुरू केले होते.

मेंढ्या पाहायला शेतकरी आले, स्त्रियाही आल्या. या गर्दीतून वॉटसन यांनी काढलेला निष्कर्ष सोपा होता: दोन जनावरे लोकांना एवढे खेचत असतील, तर अनेक जातींची, अनेक मालकांची जनावरे एकत्र आणली तर काय होईल? इथे एक बारकावा नजरेतून सुटू नये. स्वतःचा माल दाखवणे आणि सगळ्यांना आपापला माल घेऊन बोलावणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत प्रेक्षक असतात आणि दुसरीत प्रतिस्पर्धी. वॉटसन पुढची दोन-तीन वर्षे पहिल्याच प्रकारात राहिले, आखूड पायांची सुधारित डुकरे आणली, इंग्लिश वळू आणला, शेजाऱ्यांना त्यांचा उपयोग करू दिला. दुसऱ्या प्रकाराकडे ते १८१० साली वळले.

१८१० आणि १८११

१८१० साली वॉटसन यांच्यासह सव्वीस जणांच्या सहीने एक आवाहन प्रसिद्ध झाले आणि १ ऑक्टोबरला पिट्सफिल्डच्या चौकात पशुप्रदर्शन भरले. पुढच्या हिवाळ्यात राज्याच्या विधिमंडळाकडून संस्थेला सनद मिळाली, वॉटसन पहिले अध्यक्ष झाले. सनदेबरोबर पैसा मात्र एक छदाम आला नाही. सप्टेंबर १८११ मध्ये संस्थेचे पहिले रीतसर प्रदर्शन झाले. बक्षिसांची एकूण रक्कम होती सत्तर डॉलर.

या प्रदर्शनात काढलेली मिरवणूक हा या प्रकरणाचा गाभा आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. साठाच्या वर-खाली बैलजोड्या साखळ्यांनी एकमेकींना जोडलेल्या, त्या सगळ्या मिळून एकच नांगर ओढताहेत आणि नांगराच्या मुठीवर काउंटीतल्या वयोवृद्ध शेतकऱ्याचा हात, असे तिचे दृश्य होते. बैलांनीच ओढलेल्या एका फिरत्या मंचावर माग आणि सूतकताईचे यंत्र चालत्या स्थितीत ठेवलेले होते. मिरवणूक पुढे सरकत असताना त्यावर कापड विणले जात होते. कारागीर आपापली निशाणे घेऊन चालत होते, वाद्ये वाजत होती, आणि संस्थेच्या सभासदांनी टोपीला गव्हाच्या ओंब्या लावल्या होत्या. नंतर प्रार्थना झाली, अध्यक्षांचे भाषण झाले आणि बक्षिसे वाचून दाखवली गेली. पुढील वर्षांत संध्याकाळच्या नृत्याची भर पडली.

शिकलेल्या मंडळींना हे सगळे पोरकट वाटले आणि वॉटसन यांची थट्टाही झाली. पण मिरवणुकीची रचना पाहिली तर ती हौसेपेक्षा हिशोबाची वाटते. एखाद्या काउंटीत उत्तम वळू दोघा-तिघांकडेच असतो आणि मेरिनो मेंढा तर त्याहून कमी लोकांकडे. बक्षिसांच्या यादीत नाव येण्याची आशा नसलेले शेतकरीच बहुसंख्य, आणि प्रदर्शन चालायचे तर हेच लोक यायला हवेत. बैलजोडी मात्र न्यू इंग्लंडच्या बहुतेक शेतकऱ्यांकडे होती, कारण तिथली नांगरट आणि ओढकाम बैलांवरच चाले. साठ जोड्यांच्या रांगेत आपली जोडी लावणाऱ्याला हरण्याची भीती नव्हती, तरीही तो प्रेक्षक न राहता प्रदर्शनाचा भाग होत होता. एकट्या नांगराला साठ जोड्यांची गरज नसते, हे उघड आहे. गरज होती ती साठ घरांची.

दुसरा हिशोब बक्षिसांचा. सत्तर डॉलर अनेक बक्षिसांत वाटले की एकेकाच्या वाट्याला जे येते त्यातून जनावर वर्षभर पोसण्याचा खर्चही निघत नाही. म्हणजे शेतकरी रकमेसाठी येत नव्हता. सगळ्या काउंटीसमोर, ओळखीच्या परीक्षकांनी, ओळखीच्या शेजाऱ्याच्या जनावराशी तुलना करून आपले नाव उच्चारावे, हे खरे बक्षीस होते. रोख रकमेऐवजी चांदीची भांडी द्यावीत असा वॉटसन यांचा पुढे आग्रह राहिला तोही याच कारणाने, कारण पैसे खर्चून जातात आणि भांडे घरात राहते, पाहुण्याच्या नजरेस पडते. आधीच्या संस्था शेतकऱ्याला माहिती देऊ पाहत होत्या. बर्कशायरच्या संस्थेने त्याच्यात चुरस लावली आणि माहिती मिळवण्याचे काम त्याच्यावरच सोपवले. ज्या शेजाऱ्याकडून आपण हरलो, त्याने वैरण काय घातली आणि वळू कुठून आणला, ही चौकशी हरलेला माणूस आपण होऊन करतो.

तिसरी बाब काळाची. सप्टेंबरअखेर आणि ऑक्टोबर हा न्यू इंग्लंडमध्ये सुगी आटोपत आल्याचा काळ. जनावरे उन्हाळाभर कुरणात चरून अंगाने भरलेली असतात आणि हिवाळ्यात कोणती ठेवायची, कोणती विकायची किंवा कापायची, हा निर्णय तोंडावर आलेला असतो. त्याच वेळी चांगल्या पैदाशीची जनावरे एका जागी पाहायला मिळाली तर पाहण्याचे रूपांतर व्यवहारात होते. शिवाय रस्ते अजून कोरडे असतात, पहिला बर्फ लांब असतो, आणि घराघरांत वर्षातून क्वचितच मिळणारी एक-दोन दिवसांची सवड असते. वसंतात हेच प्रदर्शन भरवले असते तर हिवाळ्याने रोडावलेली जनावरे आणि पेरणीच्या घाईतली माणसे, एवढेच हाती लागले असते.

शरद ऋतूची एक अडचणही होती. उभ्या पिकाचे परीक्षण ऑक्टोबरच्या चौकात करता येत नाही. टोपलीत निवडून आणलेली दहा कणसे शेताबद्दल काहीच सांगत नाहीत, किंबहुना निवडणाऱ्याच्या चतुराईबद्दलच अधिक सांगतात. यावर बर्कशायरने काढलेला तोडगा मला या साऱ्या प्रकरणातला सर्वांत शहाणपणाचा भाग वाटतो. परीक्षकांची समिती भर उन्हाळ्यात काउंटीभर फिरून शेते जागेवर जाऊन पाहत असे आणि निकाल शरद ऋतूत जाहीर होई. समिती येणार म्हणून बांध, कुंपणे आणि तण यांच्याकडे आपोआप लक्ष जाई. अशा रीतीने दोन दिवसांचे प्रदर्शन वर्षातल्या कितीतरी अधिक दिवसांवर आपला अंमल गाजवू लागले.

स्त्रियांचा प्रवेश

या काळी बहुतेक कापड घरात कातले आणि विणले जाई, आणि ते काम स्त्रियांचे होते. लोकरीचा प्रश्न घेऊन उभ्या राहिलेल्या संस्थेला त्यांना वगळून चालणार नव्हते. जानेवारी १८१३ मध्ये घरगुती कापडासाठी बक्षिसे ठेवून संस्थेने हिवाळी मेळावा बोलावला. कापड आले, पण ते विणणाऱ्या स्त्रिया सभागृहात यायला तयार होईनात. सार्वजनिक ठिकाणी बक्षिसासाठी उभे राहणे ही गोष्टच त्यांच्या रीतीत बसत नव्हती. तेव्हा वॉटसन यांनी आपल्या पत्नीला सभागृहात नेऊन बसवले आणि त्या तिथे वाट पाहत आहेत असा निरोप गावातल्या स्त्रियांकडे धाडला. त्यानंतर मात्र स्त्रिया घोळक्याने आल्या.

ही हकीकतही वॉटसन यांनीच सांगितलेली असल्यामुळे तिच्यात थोडा नाट्यमयपणा असेल. परिणाम मात्र निर्विवाद आहे. पुढे जिथे जिथे बर्कशायरच्या पद्धतीने प्रदर्शने भरली, तिथे तिथे घरगुती उत्पादनांचा विभाग आणि स्त्री स्पर्धक हे त्याचे अविभाज्य अंग झाले. स्त्रिया आल्या म्हणजे घरे आली, आणि घरे आल्यावर जनावरांचा बाजार आणि प्रदर्शन यांतला फरक लोकांना वेगळा समजावून सांगावा लागला नाही.

मेरिनोचा चढ आणि उतार

आतापर्यंतच्या वर्णनावरून वॉटसन निःस्वार्थ सुधारक वाटतील, तर तसे नव्हते. मेरिनो मेंढ्या त्यांच्या मालकीच्या होत्या आणि त्यांची मागणी वाढण्यात त्यांचा लाभ होता. परिस्थितीही अनुकूल होती. डिसेंबर १८०७ मध्ये अमेरिकेने परदेशी व्यापारावर बंदी घातली, पुढे १८१२ साली इंग्लंडशी युद्ध सुरू झाले, आणि इंग्लिश लोकरी कापडाची आवक तुटल्यामुळे देशी लोकरीला सोन्याचा भाव आला. दुसरीकडे १८०८ साली नेपोलियनने स्पेनवर स्वारी केल्यामुळे तिथले मोठे कळप मोडले आणि लिस्बनमधले अमेरिकेचे वाणिज्यदूत विल्यम जार्व्हिस यांनी हजारोंच्या संख्येने मेरिनो मेंढ्या अमेरिकेला पाठवल्या. एकेका उत्तम मेंढ्यासाठी हजार डॉलर मोजल्याची उदाहरणे याच काळातली आहेत.

१८१५ साली शांतता झाली, इंग्लिश कापडाचा लोंढा आला आणि मेंढ्यांचे भाव कोसळले. चढ्या भावाने कळप घेतलेले लोक बुडाले. मेंढीच्या लोकरीची प्रत दाखवण्यात प्रदर्शनाने कसूर केली नव्हती. पण युद्ध संपल्यावर त्या लोकरीला काय भाव येईल, हे चौकात मांडून ठेवता येत नाही. प्रदर्शनाच्या पद्धतीतली ही मूळची उणीव आहे. परीक्षक जनावर पाहतात, त्याच्यामागचा खर्च आणि पुढचा बाजार पाहत नाहीत. बक्षीसपात्र जनावर पोसायला त्याच्या किमतीहून अधिक खर्च आला असला तरी पहिल्या क्रमांकाची निळी फीत त्यालाच मिळते, आणि असा खर्च पेलणारा शेतकरी बहुधा सधन असतो. काउंटीतल्या गरीब शेतकऱ्यांची कुरकुर हीच होती आणि ती रास्त होती.

तरीही मेरिनोबरोबर संस्था बुडाली नाही. एका जनावराच्या लाटेवर स्वार होऊन सुरू झालेल्या उपक्रमाच्या बाबतीत हे आश्चर्याचे आहे. १८११ नंतरच्या थोड्याच वर्षांत तिने बैल, वळू, डुकरे, पिके, कापड असे अनेक विभाग उघडले होते, त्यामुळे एका विभागाची हवा गेली तरी बाकीच्यांची चुरस शिल्लक होती.

नक्कल आणि पैसा

बर्कशायरमध्ये वॉटसन यांना पैशाची चणचण कायम भासत राहिली. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन अॅडम्स यांना त्यांनी साहाय्यासाठी लिहिले, तेव्हा बॉस्टनकडून मदतीची आशा धरू नका, तिथला व्यापार, विद्या, धर्म आणि राजकारण सगळेच तुमच्या विरोधात आहेत, अशा अर्थाचे रोखठोक उत्तर आले. १८१६ साली वॉटसन ऑल्बनीला परतले आणि न्यूयॉर्क राज्यातल्या काउंट्यांमध्ये हीच पद्धत रुजवण्याच्या खटपटीला लागले. गव्हर्नर डेविट क्लिंटन यांची त्यांना साथ मिळाली. १८१९ साली विधिमंडळाने काउंटी संस्थांसाठी दरसाल दहा हजार डॉलर मंजूर केले. अट एवढीच होती की, संस्थेने तितकीच रक्कम स्थानिक वर्गणीतून उभी करावी. संस्था भराभर निघाल्या. राज्याचे कृषी मंडळ स्थापन झाले आणि त्याने जाडजूड अहवालही छापले. १८२५ साली अनुदान थांबले आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत बहुतेक काउंटी संस्था नामशेष झाल्या.

याचे खापर नेहमी राजकारणावर फोडले जाते. क्लिंटन यांच्या विरोधकांना हे मंडळ त्यांचाच गोतावळा वाटत होते, आणि मूठभर सधन शेतकऱ्यांच्या बक्षिसांसाठी सगळ्यांनी कर का भरावा, हा त्यांचा सवाल सभागृहात वजनदार ठरत होता. हे खरे असले तरी पुरेसे नाही, कारण त्याच १८१९ साली मॅसॅच्युसेट्सनेही आपल्या संस्थांना सरकारी पैसा दिला होता आणि तिथल्या संस्था टिकल्या. बर्कशायरची संस्था तर शतकाच्या उत्तरार्धातही प्रदर्शने भरवत होती.

फरक अटीच्या शब्दांत आहे. मॅसॅच्युसेट्सचा नियम असा होता की, संस्थेने एक हजार डॉलरचा निधी उभारून तो राखून ठेवला, तर राज्य तिला त्यावर दरसाल दोनशे डॉलर देईल. न्यूयॉर्कमध्ये वर्गणी गोळा करायची ती त्याच वर्षीच्या अनुदानासाठी आणि दोन्ही रकमा त्याच वर्षी बक्षिसांत वाटून मोकळे व्हायचे. मॅसॅच्युसेट्समध्ये मात्र मुद्दल हलवता येत नसे. मुद्दल आहे म्हणजे ते सांभाळणारे विश्वस्त हवेत, हिशोब हवा, दरवर्षी सभा हवी, आणि एखादे वर्ष वाईट गेले तरी संस्था विसर्जित करण्याऐवजी पुढच्या वर्षापर्यंत तग धरण्याला कारण हवे. ही सगळी कारणे त्या राखीव हजार डॉलरांनी पुरवली. न्यूयॉर्कच्या शेतकऱ्याने वर्गणी दिली ती सरकारचा तितकाच पैसा काउंटीत यावा म्हणून, आणि तो येईनासा झाल्यावर वर्गणी देण्याचे प्रयोजनच उरले नाही.

वॉटसन यांच्या पद्धतीकडे या अंगाने पाहिले तर तिचा कच्चा दुवा दिसतो. चुरस कशी लावायची हे त्यांना नेमके उमगले होते. पण चुरस माणसाला एकदा मैदानात आणते, वीस वर्षे हिशोबाच्या वह्या ठेवायला लावत नाही. त्यासाठी लागणारी चिकाटी त्यांच्या स्वभावात नव्हती. ते एका काउंटीतून दुसऱ्या काउंटीत जात, संस्था उभी करत, भाषण करत आणि पुढे निघत. बर्कशायरमध्ये त्यांच्या मागे ते काम पेलणारी माणसे होती आणि लवकरच राखीव निधीही आला. न्यूयॉर्कच्या बहुतेक काउंट्यांत यांपैकी एकही गोष्ट नव्हती.

सिराक्यूज, १८४१

न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शने पुन्हा उभी राहिली ती १८४१ साली. त्या वर्षी विधिमंडळाने राज्याच्या आणि काउंट्यांच्या संस्थांसाठी मिळून आठ हजार डॉलर मंजूर केले आणि २९ व ३० सप्टेंबरला सिराक्यूज येथे राज्याचे पहिले कृषी प्रदर्शन भरले. वॉटसन तेव्हा त्र्याऐंशी वर्षांचे होते. पुढच्या वर्षी त्यांचे निधन झाले. अनुदानाचा साचा पहिल्यासारखाच होता, रक्कम तर उलट कमी होती, तरीही या वेळी प्रदर्शने टिकली, आणि आजही ते राज्य प्रदर्शन सिराक्यूजलाच भरते.

मधल्या पंधरा-सोळा वर्षांत काय बदलले होते, हे पाहिले की कारण कळते. १८२५ साली हडसन नदी आणि ईरी सरोवर यांना जोडणारा ईरी कालवा पुरा झाला होता आणि १८३९ पर्यंत सिराक्यूजला रेल्वेही पोहोचली होती. चालत नेलेली जनावरे दोन दिवसांच्या वाटेत वजन गमावत. आता ती बोटीतून आणि डब्यातून येऊ लागली, आणि प्रेक्षकांची मजल काउंटीच्या हद्दीपलीकडे गेली. ऑल्बनीतून निघणारी शेतीविषयक नियतकालिके घरोघरी जात होती, त्यामुळे निकाल आणि त्यामागची कारणे छापून लोकांपर्यंत पोहोचत.

याहूनही मोठा बदल मांडणाऱ्यांत झाला होता. १८११ च्या मिरवणुकीतल्या नांगराचा कारखानदार कोण, हा प्रश्न कुणी विचारला नसता. नांगर गावच्या लोहार-सुतारांच्या हातचा असे. १७९७ साली चार्ल्स न्यूबोल्ड यांनी बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले तेव्हा बिडाने जमीन नासते अशी शंका शेतकऱ्यांनी घेतल्याचे सांगतात. १८१९ साली जेथ्रो वुड यांनी सुटे भाग बदलता येतील असा बिडाचा नांगर आणला, आणि त्यानंतरच्या वीस वर्षांत नांगर, मळणीयंत्रे, कापणीयंत्रे बनवणारे कारखाने उभे राहिले. या लोकांना बक्षिसाच्या रकमेशी कर्तव्य नव्हते. हजारो संभाव्य गिऱ्हाइकांसमोर आपले यंत्र चालवून दाखवता येणे, एवढ्यासाठी ते स्वतःच्या खर्चाने येत. नांगरटीच्या स्पर्धा आणि यंत्रांच्या चाचण्या यांनी अविश्वासाचा प्रश्नही परस्पर सोडवला. तास किती खोल गेले आणि बैलांची किती दमछाक झाली, हे धुऱ्यावर उभ्या असलेल्या कुणालाही दिसत होते. अशा रीतीने प्रदर्शनाला सरकारी अनुदान आणि शेजाऱ्यांची चुरस यांखेरीज तिसरा आधार मिळाला, आणि हा आधार विधिमंडळाच्या एका मतदानाने काढून घेता येण्याजोगा नव्हता.

या आधाराची किंमतही होती. प्रदर्शन आता कुंपणाच्या आत, तिकीट लावून भरू लागले, आणि तिकीट लावले की गर्दी कशाने वाढते हा विचार परीक्षणाच्या विचाराशेजारी येऊन बसतो. शतकाच्या मध्यापासून घोड्यांच्या शर्यती आल्या. शर्यत म्हटले की पाद्री आणि जुने सभासद बिथरत, म्हणून कार्यक्रमपत्रिकेत तिला ‘वेगाची चाचणी’ असे सोज्वळ नाव देण्यात येई आणि घोड्याची चाल हाही पैदाशीचाच गुण असल्याचा युक्तिवाद केला जाई. तो अगदीच खोटा नव्हता. पण संस्थांच्या सभांमध्ये त्यावरून वर्षानुवर्षे भांडणे झाली. शर्यत बंद केली तर पुढच्या वर्षीच्या गुरांच्या बक्षिसांना पैसा कुठून आणायचा, असे एक बाजू विचारी; आणि शर्यतीच्या दिवशी गुरांच्या गोठ्यांकडे फिरकते कोण, असे दुसरी.